आधी वही, मग रिमोट

जुनी आवडती मालिका पुन्हा बघायला बसणार असाल, तर रिमोटला हात लावण्याआधी एक वही काढा. त्या मालिकेतलं जे जे आठवतं ते पानभर लिहा. पात्रं, प्रसंग, रंग, आवाज, कुणाच्या घरी आणि कुठल्या टीव्हीवर बघितली होती, सगळं. सोबत बसणाऱ्या मैत्रिणीलाही तिच्या वहीत लिहू दे. मग पानं मिटा आणि पहिला भाग लावा.

हा नसता उद्योग वाटेल. पण एकदा चित्र डोळ्यांपुढे आलं की जुनी आठवण गुपचूप दुरुस्त होते आणि ‘मला हे असंच आठवत होतं’ असं आपण बेधडक सांगू लागतो. पुन्हा बघण्यातली गंमत दोन बघण्यांमधल्या फरकात आहे. पहिलं बघणं कागदावर नसेल तर दुसरं ताडून कशाशी बघणार?

घाटकोपरला पंतनगरात राहणारी मी आणि पश्चिमेला असल्फ्याला राहणारी माझी मैत्रीण, आम्ही यासाठी ‘स्टार ट्रेक’ निवडली. म्हणून इथली बहुतेक उदाहरणं तिच्यातलीच आहेत. तुम्ही ‘डॉक्टर हू’ घ्या नाहीतर ‘कॅप्टन व्योम’ घ्या, रीत तीच लागू पडते. ‘स्टार ट्रेक’ आमच्या पिढीनं ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिली. १९८४च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात जाऊन आले होते, त्यामुळे अवकाशयानाचं वेड घराघरांत होतंच. संवाद निम्मेही कळत नसत. पण टोकदार कानांचा स्पॉक मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना करता येई.

मैत्रिणीच्या पानावर पहिलंच वाक्य होतं, की कॅप्टन कर्क दर भागात ‘बीम मी अप, स्कॉटी’ म्हणतो. मूळ मालिकेच्या ७९ भागांत हे वाक्य या शब्दांत एकदाही येत नाही. जगभरातल्या असंख्य प्रेक्षकांना ते पक्कं आठवतं, तरीही. माझ्या पानावर सगळे गणवेश करडे होते, कारण आमच्याकडे टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. लाल सदरा घालून परग्रहावर उतरलेला अनोळखी गडी जिवंत परत येत नाही, हा ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांचा जुना विनोद. करड्या पडद्यावर तो कळायचा कसा? मुळात ही मालिका इतकी भडक रंगांची आहे त्यालाही व्यवहारी कारण आहे. ती दाखवणारी एनबीसी वाहिनी आरसीए कंपनीच्या मालकीची होती आणि आरसीए रंगीत टीव्ही विकत होती. तेव्हा सोनेरी, निळे, लाल सदरे पडद्यावर उठून दिसणं ही त्यांच्या दुकानाचीही गरज होती. ज्या रंगांसाठी एवढा खटाटोप झाला ते आपल्यापैकी कित्येकांनी तेव्हा पाहिलेच नाहीत. अशी एखादी नोंद सापडली की परीक्षणाची सुरुवात आपोआप होते.

आता किती बघायचं ते ठरवा. इथे भलेभले घसरतात. मूळ मालिका १९६६ ते १९६९, भाग ७९. त्यानंतरच्या कार्टून मालिकेचे २२. ‘नेक्स्ट जनरेशन’चे १७८, ‘डीप स्पेस नाइन’चे १७६, ‘व्हॉयेजर’चे १७२, ‘एंटरप्राइज’चे ९८. २००५पर्यंतचीच ही बेरीज ७२५ होते. आठवड्याला एक भाग धरला तर जवळपास चौदा वर्षं, आणि २०१७पासून सुरू झालेल्या नव्या मालिका यात धरलेल्याही नाहीत. ‘सगळं बघू’ हा संकल्प म्हणूनच करू नका. नुसती मूळ मालिका घेतली तरी पन्नास मिनिटांचा एक भाग या हिशेबानं ६६ तास होतात.

माझं मत विचाराल तर मूळ मालिकेतले पंधरा-वीस आणि ‘नेक्स्ट जनरेशन’मधले तेवढेच भाग निवडा, आणि त्यांत मुद्दाम दोन-तीन वाईट भाग घाला. निव्वळ गाजलेले भाग बघितले तर परीक्षणाची धार जाते. सगळंच चांगलं म्हटल्यावर लिहायला उरतं काय? तिसऱ्या सीझनची सुरुवात ज्या ‘स्पॉक्स ब्रेन’नं झाली, त्यात स्पॉकचा मेंदूच चोरीला जातो. तो भाग न बघता ‘स्टार ट्रेक’वर लिहिणाऱ्यानं आंबा न चाखता कोकणावर लिहावं. ‘नेक्स्ट जनरेशन’चा पहिला सीझन एकंदरीत कच्चा आहे, तो भरभर ओलांडला तरी पाप लागत नाही.

क्रमाबद्दल चाहते हमरीतुमरीवर येतात. तुम्ही प्रसारणाच्या क्रमानं जा. मात्र एक गोष्ट माहीत असू द्या. ८ सप्टेंबर १९६६ला पहिल्यांदा दाखवलेला भाग होता ‘द मॅन ट्रॅप’, पण तो पहिला बनलेला नव्हता. ‘द केज’ हा पहिला नमुना वाहिनीनं नाकारला. मग ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ हा दुसरा नमुना बनला आणि तो प्रसारित झाला तिसऱ्या क्रमांकावर. त्यामुळे तिसऱ्या भागात अचानक गणवेश वेगळे दिसतात आणि डॉक्टर मॅकॉय गायब असतो. हे ठाऊक नसेल तर आपण ते कथेतलं रहस्य समजून वहीची दोन पानं वाया घालवतो. नाकारलेल्या ‘द केज’चं चित्रीकरण पुढे ‘द मिनॅजरी’ या जोडभागात वापरून टाकलं, म्हणून आधी ‘मिनॅजरी’ बघा, मग ‘केज’.

आणखी एक निवड. २००६पासून मूळ मालिकेची नवी आवृत्ती आली, तीत यानाची आणि ग्रहांची दृश्यं संगणकावर पुन्हा बनवली आहेत. परीक्षण लिहायचं असेल तर जुनी दृश्यं असलेली प्रत मिळवा. ब्ल्यू-रे संचात दोन्ही पर्याय असतात. ॲपवर बघत असाल तर कुठली आवृत्ती आहे ते आधी पाहून घ्या, आणि निवडलेले भाग लवकर उरका, कारण आज ज्या ॲपवर मालिका आहे तिथे ती पुढच्या दिवाळीला असेलच असं नाही.

जागा आणि वेळ या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण उपक्रम बहुधा यांच्यापायीच बंद पडतो. आमच्या घाटकोपरात विमानतळाच्या मुख्य धावपट्टीकडे उतरणारी विमानं डोक्यावरून जातात. स्पॉक तर्कशास्त्र सांगायला तोंड उघडतो आणि नेमकं विमान येतं. म्हणून सबटायटल्स कायम चालू ठेवा. साठच्या दशकातली नाटकी इंग्रजी आणि स्कॉटीचा स्कॉटिश हेल, दोन्हींसाठीही त्या लागतातच. मैत्रिणीला असल्फ्याहून मेट्रोनं घाटकोपर दोन स्टेशनं, मग पूल ओलांडून पूर्वेला. २०१४च्या आधी हेच अंतर बस किंवा रिक्षाच्या भरवशावर होतं. पावसाळ्यात एकमेकींकडे जाणं जमत नाही तेव्हा दोघी आपापल्या घरी बसतो, फोन लावतो, एक-दोन-तीन म्हणून एकदम सुरू करतो आणि फोन ठेवून देतो. ठेवून देतो हे महत्त्वाचं. फोन चालू ठेवून बघितलं की भाग बाजूला राहतो आणि सुनेच्या डोहाळजेवणाचा विषय निघतो.

बायकांसाठी रविवार हा सुट्टीचा वार नव्हे, हे सांगायला नकोच. तेव्हा रविवारच्या जुन्या आठवणींचा मोह सोडा आणि दोघींना खरोखर मोकळी असेल ती वेळ धरा. आम्हाला बुधवारची दुपार सापडली. एका बैठकीला एकच भाग. सलग तीन बघितले की तिसऱ्या भागापर्यंत पहिल्यातला खलनायक कोण होता तेही आठवत नाही. ही मालिका आठवड्याला एक अशी बघण्यासाठीच बनली होती.

आणि भाग चालू असताना खाणं मागवू नका. घाटकोपर पूर्वेच्या खाऊ गल्लीतला डोसा नंतरसाठी ठेवा. तो चर्चेला फार उपयोगी पडतो, बघण्याला अजिबात नाही.

जोडीदार कसा असावा? तुमच्याशी न पटणारा. दोघींना एकच पात्र आवडत असेल, दोघींना तेच प्रसंग खटकत असतील, तर दोन वह्यांची गरजच काय? माझी मैत्रीण शाळेत विज्ञान शिकवत होती. ती आधी विचारते, ‘हे शक्य आहे का?’ मी कथा-कादंबऱ्या वाचणारी, माझा प्रश्न असतो, ‘माणूस असं वागेल का?’ एकाच भागाला तिनं नापास करावं आणि मी डोक्यावर घ्यावं, असं वरचेवर होतं. तेच हवं.

भाग संपला की लगेच बोलायचं नाही. हा या लेखातला दुसरा महत्त्वाचा नियम, आणि पाळायला सगळ्यांत अवघड. पडदा काळा होताच तोंडातून ‘अगं, किती बालिश होतं!’ निघतं आणि समोरचीचं मत तिथेच वाकतं. आधी दोघींनी गप्प बसून पंधरा मिनिटं लिहावं, दीड-दोनशे शब्द पुरेत, मग वह्या बदलून वाचाव्यात, आणि त्यानंतर हवं तितकं भांडावं.

नाव आणि भीड बाजूला ठेवून लिखाण तपासलं जावं, याचं आपल्याकडे एक सुरेख उदाहरण आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते जयंत विष्णु नारळीकर. तोवर ते जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ होते, आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. आपल्याला एवढं करायची गरज नाही. पण ‘स्टार ट्रेक’ हेही एक वजनदार नावच आहे. भाग बघताना ते विसरता आलं, तरच परीक्षण लिहिता येतं.

काय लिहावं? कथानक सांगत बसू नका. समोरचीनं तेच बघितलं आहे. मैत्रिणीचा प्रश्न आधी घ्या : यात विज्ञान कुठे आहे आणि जादू कुठे? ‘द डेव्हिल इन द डार्क’ या १९६७च्या भागात खाणीत कामगारांना मारणारा एक दगडी प्राणी आहे, होर्टा. तो कार्बनवर नव्हे तर सिलिकॉनवर आधारलेला जीव आहे. आवर्त सारणीत सिलिकॉन कार्बनच्या बरोबर खाली येतो, त्यालाही चार बंध जुळवता येतात, त्यामुळे ही कल्पना हवेतली नाही, शास्त्रज्ञांनी गंभीरपणे विचारात घेतलेली आहे. पडद्यावर मात्र एक माणूस रबरी खोळ पांघरून जमिनीवर सरपटत असतो, आणि ते लपत नाही. माझ्या वहीत त्या रबराबद्दल एक ओळ आहे आणि होर्टाबद्दल पानभर, कारण तो राक्षस नसून अंडी राखणारी आई आहे, आणि हे समजल्यावर कर्क तिला मारू देत नाही. मैत्रिणीनं भागाला दहापैकी आठ दिले. तिच्याकडून आठ म्हणजे पुष्कळच.

दुसरा प्रश्न पैशांचा. जुन्या मालिकेत पैसा कुठे कमी पडला आणि त्यातून काय सुचलं, हे शोधायला फार मजा येते. माणसांना किरणांत विरघळवून ग्रहावर उतरवणारं ट्रान्सपोर्टर यंत्र आलं ते दर आठवड्याला यान उतरवण्याची दृश्यं परवडत नव्हती म्हणून. ‘द मॅन ट्रॅप’साठी वेगळ्या आकाराच्या मीठदाण्या आणल्या होत्या. त्या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकांना कळणारच नाही असं वाटल्यानं त्या बाद झाल्या आणि डॉक्टर मॅकॉयची शस्त्रक्रियेची उपकरणं म्हणून कायमच्या कामाला लागल्या. अशा जुगाडाला हसा, जरूर हसा, पण ते परीक्षणात दोष म्हणून लिहू नका. दोष लिहायचा तर कथेच्या ढिलाईचा लिहा, तिला पैसा लागत नाही.

तिसरा प्रश्न काळाचा आहे आणि तो टाळता येत नाही. उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी यानाच्या नियंत्रणकक्षात बसते, हे १९६६च्या अमेरिकेत मोठं पाऊल होतं. निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितलं, ही हकिकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. पण भागामागून भाग बघा, उहुराच्या वाट्याला मुख्यतः ‘संपर्क जोडला, कॅप्टन’ छापाची वाक्यं येतात. ३ जून १९६९ला दाखवलेल्या शेवटच्या भागात, ‘टर्नअबाउट इंट्रूडर’मध्ये, तर यानाची कप्तानी बायकांना मिळत नाही असं एक पात्र सरळ म्हणतं. तेविसाव्या शतकात! कॅथरिन जेनवे कप्तान म्हणून ‘व्हॉयेजर’ मालिकेच्या केंद्रस्थानी आली १९९५मध्ये. तेव्हा गुण देताना दोन रकाने आखा. एकात त्या काळाच्या मानानं, दुसऱ्यात आजच्या मानानं. एकाच रकान्यात दोन्ही कोंबलं की एकतर आंधळी भक्ती होते नाहीतर फुकटची तुच्छता. १९६९चा ‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड’ बघताना दोन्ही रकाने लागतात. अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा असलेले दोघे, फक्त बाजू उलट, आणि तेवढ्यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. रूपक ढोबळ आहे. पण आपल्याकडची जात डोळ्यांसमोर ठेवून बघितलं की हसू थांबतं.

इथून चौथ्या प्रश्नाकडे येता येतं, तो म्हणजे आपल्या जागेवरून काय दिसतं. इंग्रजीत ‘स्टार ट्रेक’वर ढिगानं लिहिलेलं आहे. त्याची मराठी नक्कल करण्यात काय अर्थ? ‘स्पेस सीड’ या १९६७च्या भागातला खान नूनियन सिंग घ्या. नावात खानही आणि सिंगही. यानावरचे लोक त्याला उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं म्हणतात. भूमिका करणारे रिकार्डो मॉन्टलबान मेक्सिकन. अमेरिकन प्रेक्षक या माणसाकडे जसा बघेल तसं आपण बघूच शकत नाही, आणि ते लिहिलं पाहिजे. शिवाय मालिकेच्या हिशेबात या खाननं नव्वदच्या दशकात पृथ्वीच्या मोठ्या भागावर राज्य केलं आणि १९९६ला तो यानातून पळाला. दूरदर्शनवर बघताना हे भविष्य होतं. आता तो भूतकाळ आहे, आणि त्या वर्षी आम्ही घाटकोपरात केबलवाल्याच्या मागे लागलो होतो. पुढे १९७९च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात मात्र खरोखरच मुंबईची मुलगी आली. १९६५ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा, पूर्ण मुंडण करून, लेफ्टनंट आयलियाच्या भूमिकेत. चित्रपट संथ आहे, पण तिच्यासाठी यादीत ठेवा.

आपल्या जागेवरून बघण्याचा सगळ्यांत मोठा फायदा ‘नेक्स्ट जनरेशन’च्या १९९१मधल्या ‘दार्मॉक’ या भागात होतो. त्यात परग्रहावरचे लोक फक्त आपल्या पुराणकथांचे दाखले देऊन बोलतात. शब्द कळतात, पण कथा माहीत नसल्यानं अर्थ लागत नाही, आणि कॅप्टन पिकार्डची पंचाईत होते. कित्येक समीक्षकांना ही कल्पना अशक्य वाटली. मैत्रीण मात्र म्हणाली, ‘यात अशक्य काय आहे गं? माझी आजी दिवसभर असंच बोलायची.’ खरंच आहे. कुंभकर्ण, शकुनीमामा, भगीरथ, द्रौपदीची थाळी एवढ्यांवर आपलं निम्मं घर चालतं. तिनं विज्ञानाचे गुण कापले नाहीत असा हा विरळा भाग. तुमच्या वहीत असं वाक्य आलं की ते परीक्षणाच्या पहिल्या ओळीत घ्या.

पटलं नाही तर? वाद मिटवून एकच मत बनवू नका. दोन्ही परीक्षणं शेजारी शेजारी राहू द्या. ‘द इनर लाइट’मध्ये पिकार्ड पंचवीस मिनिटांत एक अख्खं आयुष्य जगून येतो. मला तो या सगळ्या पसाऱ्यातला सर्वोत्तम भाग वाटतो, मैत्रिणीला गोड गोड वाटतो. आमच्या वहीत तसंच लिहिलेलं आहे. कंटाळा आला तर एक आठवडा सोडा, दोन नको. दोन सुटले की तिसरा सुटतोच.

जुन्या मालिका बघायला मिळतात हेच नशीब, हेही ध्यानात ठेवा. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९६१ साली बीबीसीसाठी जॉन एलियट यांच्यासोबत ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही विज्ञानमालिका लिहिली होती. तिचे बहुतेक भाग आज शिल्लक नाहीत. लखनौत जन्मलेले वारिस हुसेन ज्या ‘डॉक्टर हू’चे पहिले दिग्दर्शक, त्या मालिकेचेही साठच्या दशकातले बरेच भाग बीबीसीनं टेप पुन्हा वापरण्यासाठी पुसले. आपल्याकडच्या ‘स्पेस सिटी सिग्मा’, ‘इंद्रधनुष’ यांच्या वेळी घरी व्हीसीआर असलेल्या कुणी काही टेप करून ठेवलं असेल, तर त्या कॅसेट आधी सांभाळा.

‘स्टार ट्रेक’ संपली की १९९८ची ‘कॅप्टन व्योम’ घ्या. केतन मेहतांची, मिलिंद सोमणची. तिच्यावर मराठीत धड लिहिलेलं फारसं नाही, तेव्हा तुमचं परीक्षण कामाचं ठरेल. मधल्या काळात ‘कृष्णविवर’ वाचा आणि तेच चार प्रश्न तिलाही लावून बघा. आणि परीक्षणं लिहिता लिहिता स्वतःच विज्ञानकथा लिहावीशी वाटली, तर मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेची चौकशी करा. ती संस्थाही ‘स्टार ट्रेक’सारखी १९६६चीच. घाटकोपरहून कुर्ल्याला उतरून सीएसएमटीकडे जाणारी हार्बरची गाडी धरली की पुढचंच स्टेशन चुनाभट्टी. तिथेच पुरव मार्गावर विज्ञान भवन आहे.